तरटावरचे गालिचे: शेटिकँपची अकेडियन कला शिकताना

सागरिका

नमस्कार मंडळी. हस्तकला विभागात क्रोशे, कर्नाटकी कशिदा, गोधडी यांवर भरपूर धागे आहेत. गालिच्यांबद्दल जे थोडंफार आहे, ते सगळं भदोही आणि काश्मीरचं. मी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियात राहते आणि इथल्या अकेडियन बायकांची हुकने गालिचे भरायची कला शिकते आहे. त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

आधी हे लोक कोण ते सांगते. अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन इथे स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांचे वंशज. समुद्राला बांध घालून खारट जमीन पिकाखाली आणायची विद्या त्यांच्याकडे होती (आपल्याकडच्या खाजणवाल्यांना हे लगेच कळेल). 1755 मध्ये ब्रिटिशांनी त्यांना घरादारांतून उठवून जहाजांत कोंबलं आणि दूरदूरच्या वसाहतींत नेऊन टाकलं. घरं जाळली, कुटुंबं फुटली. 1763 नंतर जे परत येऊ शकले त्यांच्या जुन्या सुपीक जमिनी केव्हाच दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. मग उरलेसुरले किनारे. नोव्हा स्कोशियातल्याच केप ब्रेटन बेटाच्या पश्चिम अंगाला डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत 1780 च्या दशकात शेटिकँप वसलं. 1790 मध्ये तिथल्या चौदा जणांच्या नावे जमिनीची सनद निघाली. गावात आजही त्यांचा उल्लेख 'चौदा म्हातारे' असाच करतात.

गाव मासेमारीवर जगणारं. कॉड मासा खारवून वाळवायचा आणि जर्सी बेटावरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर घालायचा. बदल्यात पीठ, मीठ, दोर, कापड. हिशेब वहीत, रोकड क्वचितच हातात. हिवाळ्यात समुद्र गोठला की होड्या काठावर. शिवाय डोंगरावरून खाली कोसळणारा आग्नेयेचा वारा, त्याला इथे 'ले सुएत' म्हणतात, छपरं उडवून नेतो. अशा घरात जमिनीवर घालायला काय असणार? विरलेले लोकरी कपडे, त्यांच्या पट्ट्या आणि रिकाम्या पोत्यांचं तरट.

आता करायचं कसं ते. तरट चारी बाजूंनी लाकडी फ्रेमवर ताणून बांधतात. इतकं ताठ, की बोटाने टिचकी मारली तर आवाज आला पाहिजे. त्यावर नक्षी काढलेली असते. उजव्या हातात हुक असतो: लाकडी मुठीत बसवलेला खिळा, टोकाला कानस मारून खाच पाडलेली. डावा हात तरटाखाली, बोटांत लोकर. हुक वरून भोकात घालायचा, खालची लोकर खाचेत पकडायची आणि वर ओढून एक लूप काढायचा. एकदोन धागे सोडून पुढचा लूप. गाठ कुठेच नाही. शेजारशेजारचे लूप एकमेकांना दाबून धरतात आणि तरटाचे धागे त्यांना आवळतात, एवढ्यावर गालिचा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

माझ्या गुरू शेटिकँपच्याच, आता सत्तरी ओलांडलेल्या. त्या माझं काम बघताना आधी डोळे लावत नाहीत, तळवा फिरवतात. एखादा लूप बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा जरी उंच असला तरी त्यांचा हात तिथे थांबतो. मग पालथं करून बघतात. पाठीमागे टाके सपाट, एका ओळीत, एकावरून दुसरा न गेलेले असायला हवेत. लोकर पाठीमागे एका जागेवरून दुसरीकडे आडवी ओलांडून नेलेली दिसली की तेवढं उसवायला लावतात, कारण गालिचा झटकताना तोच टाका अडकतो आणि सगळी ओळ निसटते. लोकरीचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक वर ओढून लूपांच्या उंचीला कापायचं, पाठीमागे लोंबत ठेवायचं नाही.

शेटिकँपच्या कामाची खूण म्हणजे बारीक दोन पदरी लोकर आणि तरटाच्या धाग्याला धरून जाणाऱ्या सरळ ओळी. इतर ठिकाणी पार्श्वभूमी लाटांसारखी, गोलगोल भरतात. इथे आडव्या ओळी एकीखाली एक. लांबून बघितलं की हुकचं काम न वाटता विणलेलं कापड वाटतं. हाताला शिस्त लागल्याशिवाय ते जमत नाही, आणि मला या कलेत सगळ्यात जास्त आदर या शिस्तीचा वाटतो.

कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा. सगळं सांगते.

मृण्मयी_के

सागरिकाताई, फार सुंदर. इन्स्टाग्रामवर हल्ली पंच नीडलचे व्हिडिओ सारखे दिसतात, ते हेच का? आणि लहानपणी जाळीवर लोकरीचे तुकडे अडकवून उशीचे अभ्रे करायचो, तेही याच जातीचं?

सागरिका

तिन्ही वेगळे, मृण्मयी. पंच नीडलमध्ये लोकर ओवलेली पोकळ सुई वरून खाली खुपसतात, म्हणजे लूप खालच्या बाजूला तयार होतो आणि तुम्ही काम करता ती पाठ असते. वेग भरपूर मिळतो, लूपची उंची सुईच ठरवते. जाळीवरच्या कामात एकेक कापलेला तुकडा गाठ मारून बसवतात. हुकमध्ये लोकर खाली, लूप वर, आणि उंची ठरवणारा तुमचाच हात. चित्र तुमच्या डोळ्यांसमोर सुलट उमटत जातं, त्यामुळे छटा बदलायचा निर्णय त्या त्या लूपला घेता येतो. चेहरे, पाणी, आभाळ यांसाठी ते फार मोलाचं.

अरविंद_जोगळेकर

तरटाचा उल्लेख वाचून राहवलं नाही. माझी उभी नोकरी मुंबईत कापडाच्या व्यापारात गेली, तागाच्या व्यवहाराशीही संबंध आला. हे तरट मूळचं कुठलं याचा विचार करा. ताग पिकायचा बंगालात. एकोणिसाव्या शतकात तो स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊन कातला-विणला जायचा आणि 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्र्याला पहिली ताग गिरणी निघाल्यावर आपल्याकडूनही पोती जगभर जाऊ लागली. धान्य, साखर, कॉफी, पशुखाद्य, सगळं तागाच्या पोत्यांत. ताईंनी सांगितलेली कला उत्तर अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर साधारण त्याच सुमारास फोफावली असणार, असा माझा कयास आहे. बरोबर का?

सागरिका

अगदी बरोबर, काका. अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि कॅनडाच्या या सागरी प्रांतांत हुकचे गालिचे खऱ्या अर्थाने पसरले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचं मोठं कारण स्वस्त तरट. त्याआधी घरी विणलेल्या लिननच्या दाट कापडातून जाड पट्टी वर ओढणं जिकिरीचं होतं. तरटाची वीण सैल, भोकं सरळ रेषेत आणि धागा दणकट. पोतं उसवायचं, धुवायचं, की झालं. नंतर तर छापील नक्षीचं तरट विकत मिळू लागलं. मेनमध्ये एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने 1860 च्या दशकात पत्र्याचे साचे कापून ते छापायला सुरुवात केली. आमच्या प्रांतात न्यू ग्लासगोच्या जॉन गॅरेटने 1890 च्या दशकात तसाच धंदा उभा केला.

बंगालच्या शेतकऱ्याने पाण्यात कुजवून सोललेला ताग शेटिकँपच्या स्वयंपाकघरात पोचत होता आणि दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता, हे तुमच्यामुळे पुन्हा एकदा जाणवलं. आता फ्रेमवर बसले की ते डोक्यात राहणार.

वैदेही_प

पण मग चिंध्यांचं पायपुसणं ते संग्रहालयात टांगायचा गालिचा, हा प्रवास झाला कसा? लोकर विकत आणायची तर पैसे कुठून आले?

सागरिका

वैदेही, खरी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल केप ब्रेटनवरच बॅडेकला मोठं घर बांधून राहत होते. त्यांची पत्नी मेबल हिने 1890 च्या दशकात तिथल्या बायकांना हस्तकलेतून मिळकत व्हावी म्हणून प्रयत्न केले होते. बेल 1922 मध्ये वारले. नंतर त्यांच्या मुलीने तो धागा पुन्हा हातात घेतला आणि त्यातून लिलियन बर्क ही बेल कुटुंबाच्या परिचयातली अमेरिकन कलाकार 1920 च्या दशकाच्या अखेरीस शेटिकँपच्या बायकांपर्यंत पोचली. तिने तीन गोष्टी बदलल्या. चिंध्यांऐवजी नवी लोकर. भडक पुडीच्या रंगांऐवजी फिके, मवाळ रंग, आणि ते घरीच मोठ्या भांड्यांत कढवून घ्यायचे. आणि नक्षी ती स्वतः काढून पाठवायची: फुलांचे वेल, युरोपातल्या जुन्या गालिच्यांच्या धाटणीचे. तयार माल न्यूयॉर्कला जायचा, तिथल्या श्रीमंत घरांच्या मापाने बेतलेला. काही गालिचे एवढे मोठे, की एकाच फ्रेमवर अनेक बायका शेजारी शेजारी बसून महिनोन्‌महिने काम करत.

हा मंदीचा काळ होता. माशाला भाव नव्हता. ज्या घरात कधी रोकड दिसली नव्हती तिथे बाईच्या हातात रोख पैसे येऊ लागले. शेटिकँपच्या कित्येक घरांची चूल त्या काळात गालिच्यांनी पेटती ठेवली.

मग मजुरीचा प्रश्न आला. न्यूयॉर्कला माल कितीला जातो आणि आपल्या पदरात काय पडतं, हे बायकांनी विचारायला सुरुवात केली. त्याच वेळी अँटिगोनिशच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठातून फादर मोझेस कोडी यांची सहकाराची चळवळ गावोगाव पोचत होती. अभ्यासमंडळं भरत होती, कोळी आपल्या पतपेढ्या आणि सहकारी दुकानं काढत होते. शेजारी हे चाललेलं असताना गालिचे करणाऱ्या बायका गप्प कशा बसतील? 1930 च्या दशकाच्या मध्यावर काही जणींनी बर्कबाईंचं काम सोडून स्वतः माल विकायला सुरुवात केली. कॅबट ट्रेल हा डोंगरी रस्ता 1932 मध्ये पुरा झाला होता आणि 1936 मध्ये त्या भागात राष्ट्रीय उद्यान झालं. पर्यटकांच्या गाड्या थेट गावातून जाऊ लागल्या. बायकांनी घरासमोर दोरीवर गालिचे टांगले आणि मोटारी थांबल्या. पुढे त्यांची हस्तकला सहकारी संस्थाही उभी राहिली.

नंदन_रा

म्हणजे ठरावीक साचा दिसतो: बाहेरची शिकलेली बाई येते, स्थानिक कला 'सुधारते', बाजाराच्या चवीला घालते आणि मलई घेऊन जाते. मूळच्या चिंध्यांच्या गालिच्यांमधले रंग आणि चित्रं त्यात गेली ती गेलीच ना? आपल्याकडे किती आदिवासी कलांचं हेच झालंय. मला तर हे नुकसानच वाटतं.

सागरिका

नंदन, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. घरच्या होड्या, कोंबडे, घराच्या दारातली फुलं, हे सगळं त्या काळात मागे पडलं आणि न्यूयॉर्कच्या दिवाणखान्याला शोभेल असा वेल पुढे आला. ते नुकसान आहेच.

पण 'मलई' या शब्दापाशी मी थांबते. एवढे मोठे गालिचे कलकत्त्याच्या तरटावर बसवून, रंग जुळवून, तुकडे न पडता पोचवणं हे काम बर्कबाईंनी केलं, गिऱ्हाईक त्यांनी शोधलं. आणि बायका नुसत्या सोसत राहिल्या नाहीत. त्यांनी बारीक लोकर, छटा चढवत नेणं, ओळींची शिस्त हे सगळं शिकून घेतलं, हिशेब मागितला आणि पटला नाही तेव्हा बाहेर पडल्या. आज ज्याला आपण शेटिकँप शैली म्हणतो ती त्या झगड्यातून तयार झालेली आहे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळा आहे: त्या मोठ्या गालिच्यांवर हात चालवणाऱ्या बायकांची नावं. गालिचा खरेदीदाराच्या नावाने ओळखला जातो, नक्षीकाराच्या नावाने ओळखला जातो. कुठली ओळ कुणाच्या हातची, हे माझ्या गुरूंसारख्या चारदोन जणी आईकडून ऐकलेलं सांगतात, तेवढंच. म्हणून त्या मला प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर कापडाची पट्टी शिवून नाव, गाव आणि साल लिहायला लावतात. अगदी चहाच्या कपाखालच्या चकतीवरसुद्धा.

नंदन_रा

हे पटलं. नावाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. धन्यवाद ताई.

चारुशीला_देव

नाव झालेली एकही बाई नाही का मग?

सागरिका

आहे ना! एलिझाबेथ लफोर. जन्म 1914, शेटिकँपजवळच्या पॉइंट क्रॉसची. शेतकरी-कोळ्याच्या घरात वाढलेली, आईकडून हुक शिकलेली. तिने या साध्या खिळ्याच्या हुकने माणसांचे चेहरे भरायला घेतले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं तिने केलेलं चित्र व्हाइट हाउसला गेलं, पोपचं व्हॅटिकनला, राणी एलिझाबेथचं बकिंगहॅम राजवाड्यात. 1975 मध्ये माँक्टन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली, 1987 मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशाचा नागरी सन्मान मिळाला. 2005 मध्ये ती वारली.

शेटिकँपला 'ले त्रवा पिन्यों' नावाचं केंद्र आहे, तीन त्रिकोणी छपरांची इमारत. तिथे तिच्या कामाचं दालन आहे. काचेपासून वीतभर अंतरावर उभं राहिलात तर गालाच्या जागी राखाडी, फिकट जांभळा, हिरवट पिवळा असे लूप शेजारी शेजारी दिसतात, त्वचेचा रंग म्हणावा असा एकही नाही. चार पावलं मागे गेलात की तो गाल होतो. एकेका चित्रासाठी ती लोकर शेकडो छटांमध्ये स्वतः रंगवायची. डोळ्यातला उजेडाचा ठिपका म्हणजे एकच पांढरा लूप, आणि तो एक धागा इकडेतिकडे झाला तर माणूस तिरळा दिसेल. अशी नजर आणि असा हात एका जागी क्वचितच येतात. मी तिच्या कामापुढे उभी राहते तेव्हा दुसरं काही सुचत नाही.

मृण्मयी_के

ताई, तुम्ही काय करता फ्रेमवर? पैठणीचा मोर करा ना! किंवा वारली. फारच खुलेल.

सागरिका

मोर करायचा आहे, मृण्मयी, पण आत्ता नाही. सध्या गुरूंनी दिलेलंच करते: किनारीचा वेल, सरळ ओळींचं आभाळ, खडकावरचं देऊळ, म्हणजे इथलं 1893 चं सेंट पीटर चर्च, समुद्रावरून येणाऱ्या होड्यांना पहिल्यांदा दिसतं ते. दुसऱ्याची विद्या घ्यायची तर तिची पाटी आधी पुरी गिरवावी, असं मला मनापासून वाटतं. हात तयार झाला की माझं चित्र मी काढीन आणि त्याला 'अकेडियन गालिचा' म्हणणार नाही. तंत्र शेटिकँपचं, चित्र माझं, असं पाठीमागच्या पट्टीवर लिहीन. ही माणसं एकदा घरातून उठवली गेली आहेत. त्यांच्या नावावर असलेली एक गोष्ट आपण उचलून आपल्या नावावर करायची नाही, एवढं पथ्य मी पाळते.

गुरूंना मी मोराबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांनी लगेच विचारलं, निळ्याच्या किती छटा लागतील? म्हणजे त्यांचा नकार नाही.

शुभदा_कणकवली

मी कोकणात राहते. हे घरी करून बघायचं तर काय आणू? बाजारात तरट मिळतं, पण पावसाळ्यात इथे कोऱ्या वहीलासुद्धा बुरशी येते.

सागरिका

शुभदाताई, तुमच्या हवेत तरट नकोच. ताग ओल धरतो, कालांतराने कोरडा होऊन तुटतो. जुने शेटिकँप गालिचे निकामी होतात ते बहुतेक वेळा लोकर झिजून नव्हे, खालचं तरट कुजून. सैल विणीचं जाड लिननचं कापड किंवा जाडसर, चौकटी विणीचं सुती कापड शोधा. कसोटी सोपी आहे: उभे-आडवे धागे सहज मोजता आले पाहिजेत आणि हुक घालून काढल्यावर भोक पुन्हा मिटलं पाहिजे.

लोकर खरी घ्या. अ‍ॅक्रिलिकचा लूप पायाखाली एकदा दबला की दबलाच, लोकरीचा पुन्हा उभा राहतो, शिवाय लोकरीच्या खरखरीमुळे ती कापडात घट्ट बसते. हुक म्हणून सुरुवातीला मध्यम जाडीची स्टीलची क्रोशाची सुई लाकडी मुठीत बसवून घ्या, सुतार पाच मिनिटांत करून देईल. फ्रेमला भरतकामाचं मोठं कडं चालेल, पण ते दर थोड्या वेळाने आवळत राहा. कापड ढिलं असलं की लूप उंचसखल येतात. प्रत्येक भोक भरायचा मोह टाळा. फार दाटीने भरलं की गालिचा कडेने वळतो आणि जमिनीवर सपाट पडत नाही. कडेला चार बोटं कापड सोडा, ते आत दुमडून हातशिलाईने पक्कं करा.

अरविंद_जोगळेकर

आणि कसरीचं काय? आमच्याकडच्या शाली कसरीने चाळणी केल्या.

सागरिका

काका, कसर अंधारात, न हललेल्या लोकरीत होते. वापरातल्या गालिच्याला सहसा लागत नाही. ठेवायचा असेल तर स्वच्छ करून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून, मधूनमधून बाहेर काढून हवा द्यायची. गुंडाळी करताना लूप बाहेरच्या बाजूला ठेवायचे, आतल्या बाजूला घेतले तर मागचं कापड ताणलं जाऊन फाटतं. घडी कधीच नाही. धुवायला मशीन बिलकुल नाही. इथे हिवाळ्यात कोरड्या भुसभुशीत बर्फावर गालिचा पालथा घालून पाठीवर हलकेच थोपटतात, धूळ बर्फावर उतरते. कणकवलीला ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा.

शुभदाताई, पहिला तुकडा तळहाताएवढाच करा, एकाच रंगाच्या सरळ ओळी. झाला की सुलट आणि उलट दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. उलट बाजूचा आधी.